चाक देणारा गडी

मागच्या अंकात जाता जाता दोन वाक्यं लिहून गेलो होतो. एक, टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीत एका संघाचे आठ जण उतरतात आणि त्यातले सात बहुतेक वेळ आठव्यासाठी राबतात. दुसरं, मीही एकदा भर शर्यतीत माझी सायकल दुसऱ्याला देऊन बसलो होतो. गुडघेदुखीवर येत नाहीत इतकी पत्रं या दोन वाक्यांवर आली. त्यातल्या पाचांना इथे उत्तर देतो. नावं छापत नाही.

प्रश्न : सर, मी बारावी झालो. दोन वर्षांपासून सायकल शर्यतीत उतरतो. जिल्ह्यात सातवा-आठवा येतो. आमचे प्रशिक्षक म्हणतात, "तुझ्यात स्प्रिंट नाही, दम आहे. तू दुसऱ्याला ओढून नेणारा गडी आहेस." मित्र हसतात. असा ओढणारा म्हणून करिअर होतं का, की सरांनी मला गोड बोलून बाजूला केलं? (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : बेटा, गोड बोलून बाजूला करायचं असतं तर "पुढच्या वर्षी पाहू" म्हटलं असतं. "स्प्रिंट नाही, दम आहे" हे तुला नीट पाहिलेल्या माणसाचं बोलणं आहे.

तू खारपाणपट्ट्यातला, तुला वारा काय समजावून सांगायचा! अकोटकडे निघालं की आडोशाला झाड नाही, दोन्ही बाजूंनी काळी जमीन आणि समोरून वारा. अशा वेळी पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर आपलं पुढचं चाक ठेवून बसलं की पायातलं ओझं एकदम उतरतं. सायकलवाले याला चाक धरणं म्हणतात. सपाटीवर ताशी ४० किलोमीटरच्या वेगात आपली बहुतेक ताकद हवा फोडण्यातच जाते. चाक धरून बसणाऱ्याची त्यातली पाव ते तिसरा हिस्सा वाचते, मोठ्या घोळक्याच्या पोटात शिरलेल्याची त्याहूनही जास्त. टूर २१ टप्प्यांची, साडेतीन हजार किलोमीटरच्या आतबाहेर. म्होरक्याची ताकद रोज चार-पाच तास वाचवायची आणि शेवटच्या चढावर त्याला ताजातवाना सोडायचा, एवढ्यासाठी बाकीचे सात असतात. त्याची वाचलेली ताकद यांच्या पायातून गेलेली असते.

या सातांत कामं वाटलेली असतात. सकाळी टप्पा सुरू झाला की चार-पाच जण घोळक्यातून पळतात. त्यांना जाऊ द्यायचं, पण हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही. मग एक दणकट गडी घोळक्याच्या तोंडाशी येतो आणि तासन्‌तास एका लयीत ओढत राहतो. बेल्जियमचा टिम डेक्लेर्क या कामात असा पक्का की त्याला ‘ट्रॅक्टर’ असंच नाव पडलं. लोक टीव्ही लावतात शेवटच्या तासाला. तोवर ट्रॅक्टरची नांगरणी उरकून तो मागे पडलेला असायचा.

दुसरा गडी पाण्याचा. त्यानं मागे संघाच्या गाडीपाशी यायचं, सात-आठ बाटल्या जर्सीत पाठीवर, पोटावर, मानेपाशी कोंबायच्या आणि तो तीन-चार किलोंचा बोजा घेऊन दीडशे सायकलींमधून वाट काढत पुन्हा पुढे जायचं. उन्हाळ्याच्या टप्प्यात अशा अनेक खेपा. आपल्याकडे दूरच्या बोअरवरून पाणी आणणाऱ्या बायांना हे काम लगेच समजेल; फरक इतकाच की इथे डोंगर चढायचा असतो आणि पुढचे लोक थांबत नाहीत. म्होरक्या लघवीला थांबला की एक-दोघं थांबणार आणि त्याला पुन्हा घोळक्यात नेऊन घालणार. त्याचं चाक पंचर झालं आणि गाडी लांब असली तर आपलं चाक काढून द्यायचं, उंची जुळत असली तर अख्खी सायकल. घाटात वेगळे गडी, हलक्या अंगाचे. ते चढावर म्होरक्यासमोर राहतात, पाय संपले की बाजूला होतात आणि पुढचा गडी ओढायला लागतो. स्प्रिंटच्या टप्प्याला आणखी वेगळे : शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये आपल्या गड्याला पाठीमागे घेऊन सुसाट सुटणारे.

आणि एवढं करून मुक्कामाला वेळेत पोचायचंही असतं. पहिल्या आलेल्याच्या वेळेवरून टक्केवारीनं एक मुदत ठरते. तिच्या आत आला नाही तर दुसऱ्या दिवशी घरी. म्हणून डोंगराच्या टप्प्यात काम संपलेले सगळ्या संघांचे गडी मागे एक टोळी करतात, एकमेकांना वारा वाटून घेत, घड्याळ पाहत वर येतात. त्यात एखादा जुना खोड हिशेब लावणारा असतो : इतकं हळू चाललं तरी चालेल, इतकं नाही. सगळ्यात शेवटी राहून टूर पूर्ण करणाऱ्याला ‘लाल कंदील’ म्हणतात, रेल्वेच्या शेवटच्या डब्याला असतो त्यावरून. बेल्जियमचा विम व्हानसेव्हेनांत २००६, २००७, २००८ असा लागोपाठ तीनदा लाल कंदील होता. तो आळशी होता म्हणून नव्हे. त्याचं काम टप्पा अर्धा होईतोच संपायचं.

आता तुझा खरा प्रश्न. करिअर होतं का? युरोपात होतं, नीट पगारी होतं, त्याचा हिशेब खालच्या पत्रात दिला आहे. पण तिथवर आपल्यातला कोणी पोचलेला नाही. टूरमध्ये आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. म्हणून रस्ताच नाही असं मात्र नाही. इरिट्रिया हा आपल्याहून कितीतरी लहान, गरीब देश. तिथले दोघं २०१५ मध्ये टूरला पोचले आणि २०२४ मध्ये तिथल्याच बिनियाम गिरमायनं तीन टप्पे आणि स्प्रिंटच्या गुणांची हिरवी जर्सी जिंकली. तो तयार झाला स्वित्झर्लंडमधल्या एग्ल गावच्या जागतिक सायकलिंग केंद्रात. असली दारं आहेत, पण अरुंद. राज्य संघटनेचं लायसन्स, राष्ट्रीय स्पर्धेत नाव, मग एखादा हंगाम बेल्जियमच्या गावागावांतल्या शर्यती. तिथे जायला पैसे लागतात, आणि साध्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, हे आताच माहीत असू दे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली, परदेशी संघ आले. घराजवळ असं काही असलं तर एस.टी.नं जा आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून बाटल्यावाल्या गड्यावर नजर ठेव. जिंकणाऱ्याकडे पाहायला बाकी लोक आहेत.

एक खाचखळगा मात्र आपल्या मातीतला आहे. आपल्याकडे खेळाडूला नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मिळतं प्रमाणपत्रावर, आणि प्रमाणपत्रावर नंबर लागतो. तू कोणाला किती किलोमीटर ओढलं याचा रकाना त्या कागदात नाही. म्हणून ओढायचं काम जीव लावून शीक, पण स्वतःच्या नावावर काही असू दे. सांघिक टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाशी शर्यत, धर : चौघं मिळून वारा वाटून पळतात आणि पदक चौघांनाही मिळतं. तुझ्यासारख्या दमाच्या पोरासाठी ती शर्यत बनलेली आहे. वैयक्तिक टाइम ट्रायललाही उतर. तिथे स्प्रिंट कोणी विचारत नाही.

आणि हिवाळ्यात एकदा धामणगाव गढीहून चिखलदऱ्याचा घाट चढ. वेळ लिही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढ, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या दिवसाची वेळ मला नको, तिसऱ्या दिवसाची कळव. एक दिवस उडी मारणारे पुष्कळ असतात. गड्याची किंमत तिसऱ्या आठवड्यात ठरते.

प्रश्न : गुरुजी, पोरगा म्हणते का त्याले ‘डोमेस्टिक’ व्हायचं हाय. पोरीनं डिक्शनरीत पाह्यलं तं घरगडी असा अर्थ निघाला. माह्या बापानं तीस वर्सं सालदारकी केली, म्या दहा केली. आता दोन एकर वावर हाय. पोट्ट्यानं पुन्हा तेच कराव का? अन् त्याले पगार तरी किती भेटते? (ता. कळंब, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, तुमच्या पोरीनं अर्थ बरोबर काढला. आणि तो शब्द लाडानं दिलेला नाही, शिवी म्हणूनच आला. १९११ च्या टूरमध्ये मोरीस ब्रोको नावाच्या गड्याची स्वतःची शर्यत फसली, तेव्हा तो पैसे घेऊन दुसऱ्यांसाठी ओढायला तयार झाला. टूर सुरू करणारे आँरी देग्राँज चिडले आणि त्यांनी त्याला घरगडी म्हणून हिणवलं. ब्रोको दुसऱ्या दिवशी रागानं असा सुटला की सगळ्यांच्या पुढे पोचला. त्यांनी त्याला शर्यतीतूनच काढलं. मालकाला गड्याचा स्वाभिमान कुठेच खपत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू! पुढे शिवीच धंद्याचं नाव झालं. इटलीत ‘ग्रेगारिओ’ म्हणतात, त्याचा अर्थ साधा शिपाई. तो मला जास्त बरा वाटतो.

आमच्याही घरी सालदार होता, तेव्हा तुम्हाला उपदेश करायचा मला अधिकार नाही. फक्त सारखं काय आणि वेगळं काय ते सांगतो. सारखं म्हणजे साल. आपल्याकडे पाडव्याला ठरतं, तिकडे १ ऑगस्टपासून संघबदलाची बोलणी उघड होतात आणि जानेवारीपासून नवं साल. करार एक-दोन वर्षांचे. पाय मंदावले, हंसळी मोडली, नवा म्होरक्या आला आणि त्यानं आपली माणसं आणली, की साल संपलं. पस्तिशीच्या आसपास बहुतेकांची सायकल थांबते आणि पुढे काय करायचं ते ज्यानं त्यानं पाहायचं.

वेगळं म्हणजे कागद. वरच्या श्रेणीच्या संघात, ज्याला वर्ल्ड टूर म्हणतात, किमान पगार नियमानं ठरलेला आहे : वर्षाला ४० हजार युरोंच्या वर, आपल्या हिशेबानं चाळीस लाखांच्या घरात. तिकडचा घरभाडं-भाजीपाला त्यातूनच जातो, तेव्हा आकडा ऐकून पागोटं उडवू नका. नामी गड्यांना याच्या कित्येक पट मिळतं. नवख्याला पहिला करार किमान दोन वर्षांचा द्यावा लागतो. विमा असतो. आणि एक चाल तुम्हाला आवडेल : टूर जिंकणाऱ्याला ५ लाख युरोंचं बक्षीस असतं, ते रिवाजानं सोबत्यांत वाटलं जातं. म्होरक्याला त्याचं उत्पन्न जाहिराती आणि पगारातून मिळतंच. पीक आल्यावर सालदाराला बरोबरीचा वाटा देणारा मालक मी तरी आपल्या भागात पाहिला नाही.

पण हे वरच्या श्रेणीचं. तिसऱ्या श्रेणीत किमान पगाराची सक्ती नाही. कित्येक पोरं जेवणखाण आणि सायकलीवर पळतात. तुमच्या पोराला सुरुवात तिथेच करावी लागेल. तेव्हा सायकल चालवू द्या आणि आयटीआय किंवा डिग्री, काय चालू असेल ते सुटू देऊ नका. वावर विकून परदेशी सायकल घेऊन मागत असेल तर स्वच्छ नाही म्हणा. पायात असेल तर आधी जुन्या सायकलीवर दिसतं.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. हे सगळं पुरुषांचंच का? (ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : नाही ताई. बायकांची टूर २०२२ पासून नव्यानं सुरू झाली आहे, त्याआधी कितीतरी वर्षं तिची रडतखडत परवड होती. वरच्या श्रेणीतल्या बायकांच्या संघांना किमान पगाराचा नियम २०२० मध्ये लागला, १५ हजार युरोंपासून. नंतर वाढत गेला. गड्यांचं काम तसंच, संघ लहान असतात म्हणून प्रत्येकीवर जास्त. २०२४ ची बायकांची टूर कासिया निएविआदोमानं आठ टप्प्यांनंतर अवघ्या ४ सेकंदांनी जिंकली. चार सेकंद म्हणजे वाटेत कोणी तरी वेळेवर आणून दिलेली एक बाटली. मुलीला पहाटे रस्त्यावर एकटी सोडू नका, सोबत करा. हे काही सायकलिंगचं तंत्र नाही, पण आपल्याकडे तेच आधी लागतं.

प्रश्न : हे गडी स्वतः कधीच जिंकत नाहीत का? (मोर्शी)

उत्तर : क्वचित जिंकतात, आणि जिंकले की सगळा घोळका खूष होतो. अमेरिकेचा सेप कुस २०२३ मध्ये इटलीच्या मोठ्या शर्यतीत रोग्लिचसाठी राबला, मग टूरमध्ये विंगेगोरसाठी, दोघंही जिंकले. त्याच वर्षीच्या स्पेनच्या शर्यतीत तोच पुढे निघाला आणि शेवटी विजेत्याची लाल जर्सी त्यालाच मिळाली. ते दोघं तिथे त्याच्याच संघात होते आणि मध्यंतरी त्यांनाच ती जर्सी हवी आहे की काय, अशी धुसफुस झाली होती, हेही खरं. ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेमन आयुष्यभर दुसऱ्यांसाठी ओढत आला. २०१६ ला हात मोडला, घरातच जागच्या जागी चालणाऱ्या ट्रेनरवर सराव केला आणि ३७ व्या वर्षी दगडी रस्त्यांची पॅरिस–रूबे शर्यत जिंकला. सुरुवातीला पळालेल्या टोळीतच होता. टॉम बूनेनला, त्या शर्यतीच्या राजाला, त्यानं मैदानात हरवलं.

पण माझा आवडता आंद्रेआ कार्रेआ. नाझी छळछावणीतून जिवंत परतलेला, इटलीचा म्होरक्या कोप्पी याचा शिपाई. १९५२ च्या टूरमध्ये पळालेल्या लोकांवर नजर ठेवायला म्हणून त्यांच्यासोबत गेला आणि लोझान गावी पोचला तेव्हा हिशेबात सगळ्यांत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी त्याचीच निघाली. माणूस रडायला लागला. कोप्पीला काय वाटेल? सालदाराच्या नावावर चुकून सातबारा चढावा तसं त्याला झालं. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या चढावर कोप्पीनं जर्सी घेतली आणि कार्रेआचा जीव भांड्यात पडला. मी हा किस्सा वर्गात सांगायचो तेव्हा पोरं हसायची. मला कधी हसू आलं नाही.

प्रश्न : सर, तुम्ही शर्यतीत सायकल देऊन बसलो होतो असं लिहिलं. कोणाला दिली आणि परत मिळाली का? (अकोट)

उत्तर : मिळाली. हँडल वाकडं होऊन.

१९८५ चा डिसेंबर. अमरावतीहून परतवाडा आणि परत, शंभरेक किलोमीटर. मडगार्ड, कॅरिअर काढलेल्या साध्या काळ्या सायकली, गिअर नाही. आम्ही दोघं एकाच गावचे. दोस्त माझ्याहून वेगवान, हे दोघांनाही मान्य, म्हणून आमचं ठरलं होतं : जाताना मी वारा घ्यायचा, येताना त्यानं जिंकायचं. परतवाड्याहून फिरल्यावर आम्ही पुढच्या चौघांत होतो. आसेगावच्या अलीकडे त्याचं मागचं चाक बसलं. त्या सायकलचं मागचं चाक काढायचं म्हणजे पाना, नट, चेन, दहा मिनिटांची गोष्ट. मी उतरलो, माझी सायकल त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "जाय." सीट त्याला एक इंच खाली पडत होती. तसाच गेला आणि वलगावच्या पुढे बाकीच्यांना सोडून पहिला आला.

मी पंचर सायकल ढकलत आसेगावला आलो. पंचरवाला जेवायला गेलेला. टपरीवर आलूबोंडा खाल्ला, पैसे खिशात नव्हते, टपरीवाल्यानं लिहून घेतले. संध्याकाळी ट्रकवर सायकल टाकून अमरावतीला पोचलो तेव्हा बक्षीस समारंभ संपून सतरंज्या गुंडाळत होते. शर्यत पूर्ण न केलेल्यांना प्रमाणपत्र नाही, असं टेबलामागच्या गृहस्थांनी सांगितलं. नियमानं बरोबरच होतं. दोस्ताला पुढे खेळाडू कोट्यातून नोकरी लागली, त्यात तो कागद होता. मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो आणि पी.टी.चा मास्तर झालो.

तिथेच एका जुन्या मासिकात तो फोटो पाहिला. १९३४ ची टूर, वीस वर्षांचा रेने व्हिएत्तो दगडी कठड्यावर बसून रडतोय, शेजारी पुढचं चाक नसलेली सायकल. चाक त्यानं म्होरक्या आंतोनाँ मान्यला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मान्यची सायकल पुन्हा बिघडली, तेव्हा हा पुढे गेलेला असूनही उलटा फिरून चढ चढून मागे आला आणि पुन्हा देऊन टाकलं. मान्य टूर जिंकला, व्हिएत्तो पाचवा. टूर त्याला पुढेही कधी मिळाली नाही. फोटो पाहून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? निदान त्याचा कोणी फोटो तरी काढला.

दोस्त दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन गावी आला. आता रोज पहाटे आम्ही सायकली घेऊन निघतो, तो गिअरच्या नव्या सायकलीवर, मी जुन्यावर. नाक्याच्या पुढे मोकळं लागलं आणि वारा सुरू झाला की गुपचूप माझ्या मागे सरकतो आणि चाक धरून बसतो. "गुडघा दुखते रे," म्हणतो. गुडघा परतीच्या वाटेवर, वारा पाठीशी आला की दुखत नाही.